वाणाच्या मच्छरदाण्या

दुबईला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी सोन्याचा भाव विचारतात. मग तिथे पाणी पेट्रोलपेक्षा महाग हे खरं का, असं विचारतात, आणि शेवटी तुम्ही काय आणलंत, याच्यावर येतात. मी खजूर आणि एक टॉर्च आणली. ती दाखवली की चौकशी संपते. चिपळूणला आमच्या आळीत हा प्रवास मी आतापर्यंत वीसेक वेळा सांगितला असेल आणि दर वेळी लोक हसले आहेत. सांगणं मला जमतं. तीस वर्षं हिवताप विभागात नोकरी केली, गुहागर-दापोलीच्या किनाऱ्याला गावोगाव हिंडून लोकांची बोटं टोचली, काचपट्टीवर रक्त घेतलं, घरं फवारली. माणसाला बोलण्यात गुंतवल्याशिवाय त्याच्या बोटाला सुई लावता येत नाही. पण या प्रवासातला एक भाग मी अजून कुणालाच सांगितलेला नाही. तो सांगताना कुणी हसणार नाही, म्हणून लिहूनच काढतो.

शारजा

माझी मुलगी मंजिरी आणि जावई अविनाश शारजात राहतात. सहाव्या मजल्यावर फ्लॅट, खिडकीतून समोर पार्किंग आणि पार्किंगच्या पलीकडे मशीद. मी जानेवारीत पोचलो. वाळवंट म्हणून मी मलमलचे सदरे नेले होते आणि पहिल्याच संध्याकाळी अविनाशचा स्वेटर घालून बसायची पाळी आली. नात सई आठ वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी तिला ‘जेवलीस का’ विचारावं आणि तिनं ‘ऑलरेडी डन, आजोबा’ म्हणावं, असा आमचा संवाद. दोन दिवसांनी मी ते मनावर घेणं सोडून दिलं.

मासळी बाजारात मात्र मला घरी आल्यासारखं वाटलं. सुरमई अशी की कापणाऱ्याला दोन हातांनी उचलावी लागत होती. मंजिरी म्हणाली, किलोला पंधरा दिरहम, म्हणजे पावणेदोनशे रुपये, आणि लगेच स्वतःच म्हणाली की असा हिशेब करत बसलं तर इथे उपाशी राहावं लागेल. तरीही तिनं पुढे कोळंबीचाही केला.

त्या दिवसांत संक्रांतीची हळदीकुंकवं चालली होती. परक्या मुलखात सण जास्तच जोरात साजरे होतात, हे मी तिथे पाहिलं. काळ्या साड्या नेसून बायका गाड्यांतून उतरत होत्या. पण त्या वर्षी मंजिरीच्या गटानं एक वेगळी गोष्ट ठरवली होती. वाण म्हणून एकमेकींना स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे द्यायचे नाहीत. त्या पैशांतून आफ्रिकेतल्या एका शाळेच्या वसतिगृहाला मच्छरदाण्या पाठवायच्या, सव्वाशे मुलींसाठी सव्वाशे. ही कल्पना शालिनीताईंची. त्या गटातल्या सगळ्यांत मोठ्या, वीस वर्षं शारजात असलेल्या, नव्या आलेल्या प्रत्येक मुलीला बाळंतपणापासून ड्रायव्हिंगच्या परीक्षेपर्यंत सगळ्यात मदत करणाऱ्या. मंजिरीचं तर तिथलं माहेरच.

माझी नोकरी कशात झाली हे कळल्यावर शालिनीताईंनी मला सोडलंच नाही. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये मला बोलायला बसवलं. तीस-पस्तीस माणसं, समोर तिळगुळाची ताटं. मी तासभर बोललो. तापात बडबडणाऱ्या खोताची गोष्ट सांगितली, फवारणीला घाबरून माळ्यावर चढून बसलेल्या आजीची सांगितली, डास माणसाला कसा शोधतो तेही अभिनय करून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साध्या जाळीला छिद्र पडलं किंवा झोपेत मुलाचा गुडघा जाळीला टेकला की डास बाहेरून चावतो, म्हणून जाळी औषधात बुडवायची, जाळीवर बसला की डास मरतो, एवढंही मी सांगितलं. एक वाक्य सांगायचं राहिलं. बुडवलेली जाळी सहा महिने धुवायची नाही. आमच्या खात्यात हे वाक्य शिपायालाही पाठ असतं. त्या दिवशी खोताच्या गोष्टीनंतर इतका हशा पिकला की माझं भान सुटलं.

हमरिया

ही शाळा सुचवली ती जुमानं. जुमा हा टांझानियाचा, अविनाशच्या कंपनीत हमरिया फ्री झोनमध्ये स्टोअरकीपर. अविनाशनं एक दिवस मला तिथे नेलं. समुद्राला लागून पत्र्याच्या लांबच लांब शेड, मध्ये रुंद रस्ते आणि रस्त्यावर माणूस नाही. जुमा चाळिशीचा, उंच, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. माझ्याशी तिथल्या सगळ्यांसारखं हिंदीत बोलला. त्यानं मला बाबा म्हणायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिला.

त्याच्या टेबलावर काचेखाली एका मुलीचा फोटो होता, निळा फ्रॉक, पुढचे दोन दात पडलेले. ही त्याची मुलगी नीमा, नऊ वर्षांची, त्याच वसतिगृहात राहणारी. त्याची बहीण तिथे शिक्षिका. नीमाच्या आधी एक मुलगा होता, तो त्याच शाळेत असताना तापानं गेला. तीन दिवसांत आटोपलं आणि जुमा पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. हे सांगताना त्याचा आवाज बदलला नाही. मग तो मला म्हणाला की इथून तो पैसे पाठवू शकतो, कपडे पाठवू शकतो, पण दर संध्याकाळी तिच्या उशाशी बसू शकत नाही. जाळी बसेल.

मी त्याला सांगितलं की जाळ्या मी स्वतःच्या हातानं औषधात बुडवून देईन. त्यानं माझे दोन्ही हात धरले.

अल क्वोज

जाळ्या दुबईत अल क्वोजच्या एका गोदामातून घेतल्या होत्या आणि बुडवायलाही तिथलीच जागा मिळाली, कामगारांच्या कॅम्पचं अंगण. शुक्रवार म्हणजे तिथला रविवार, सगळे घरी. एकेका खोलीत आठ-आठ माणसं, खाटेवर खाट. त्यात आपले कोकणातले पुष्कळ. मी बादली मागायला गेलो तर एक धिप्पाड वेल्डर माझ्याकडे टक लावून बघत राहिला आणि एकदम म्हणाला, “साहेब, तुम्ही आमच्या शाळेत रक्त काढायला यायचात. तुम्हाला बघून मी खिडकीतून उडी मारली होती.” हा दिलीप. गुहागरच्या बाजूचा. मला तो आठवला नाही, खिडकीतून उडी मारणारे पुष्कळ होते. पण मी आठवल्यासारखं केलं.

दिलीपनं चाळीस माणसं उभी केली. मी रबरी हातमोजे घालून औषध मोजलं, पाण्यात कालवलं, एकेक जाळी बुडवून, हलकी पिळून पुढे देत गेलो. ती माणसं त्या दोरीवर नाही, मी सांगितलं तशा सावलीत चटयांवर आडव्या पसरत गेली. उन्हात वाळवलं तर औषधाचा जोर जातो. दुपारपर्यंत सगळं अंगण पांढरं झालं. सई नाक धरून म्हणाली, “आजोबा, इट स्टिंक्स.” मी म्हणालो, डासालाही असंच वाटतं. निवृत्त झाल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता. जेवायला त्यांनी बांगड्याचं कालवण आणि भात वाढला. मसाला घरून आलेला होता, तो तोंडात टाकताच कळला.

दुसऱ्या दिवशी वाळलेल्या जाळ्या शालिनीताईंकडे पोचवल्या. घड्या करून गठ्ठे बांधायचं काम बायकांचं होतं. घड्या तेवढ्या घाला, असं मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

खोर फक्कान

पुढच्या आठवड्यात अविनाशनं रजा घेतली आणि आम्ही पूर्व किनाऱ्याला गेलो. तासभर वाळू, मग उघडेबोडके डोंगर. गवताची काडी नाही. सह्याद्रीची साल काढली तर आत असंच दिसेल, असं मला वाटलं. डोंगर संपले आणि एकदम समुद्र, तोही आपल्यासारखा करडा नाही, निळा. मी चपला काढून पाण्यात उभा राहिलो.

परतताना अविनाशनं हौसेनं गाडी वाळूत घातली आणि ती रुतली. जितका ॲक्सिलरेटर दाबावा तितकी खाली. अर्ध्या तासानं एक म्हातारा अरब पिकअप घेऊन आला, न बोलता दोर लावून गाडी ओढून काढली आणि आम्हाला जवळच्या आपल्या बागेत घेऊन गेला. खजूर दिले आणि बिनदुधाची वेलदोड्याची कॉफी, बोटभर कपात. मी कप रिकामा केला की तो भरायचा. नको म्हणणं बरं दिसेना म्हणून मी पीत राहिलो. आठव्या कपाला माझी छाती धडधडायला लागली, तेव्हा मंजिरीच्या लक्षात आलं. पुरे असेल तर रिकामा कप हातात जरासा हलवून परत द्यायचा असतो. आपल्याकडे पानावर हात आडवा धरतात तसं. म्हातारा खूप हसला. हा प्रसंग मी आळीत रंगवून सांगतो. एवढी एकच गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, या वाक्यावर लोक हमखास हसतात.

पुन्हा शारजा

शुक्रवारी सकाळी शालिनीताईंनी गठ्ठे बघायला बोलावलं. दार उघडताच वास आला, पण औषधाचा नाही. उदाचा. हॉलमध्ये सोफ्यावर, टेबलावर, दिवाणावर जाळ्यांचे ढीग होते, इस्त्री केलेले, प्रत्येक घडीला लाल फीत. प्रत्येकीवर सईनं आणि तिच्या मैत्रिणींनी रंगवलेलं एक कार्ड, त्यावर चंद्र आणि इंग्रजीत ‘शांत झोपा’. सहा-सात बायका ढिगांजवळ उभ्या होत्या.

“काका, काय वास होता हो त्यांना,” शालिनीताई म्हणाल्या. “आठवडाभर आमच्या सगळ्यांच्या मशीन चालू होत्या. दोन-दोनदा धुतल्या, तेव्हा कुठे गेला. मग मऊ व्हायचं लिक्विड घातलं आणि शेवटी इथल्या लोकांसारखा बखूरचा धूर दिला. कोरं कापड लेकराच्या अंगाला नुसतं कसं द्यायचं? आणि हे वाण आहे.”

त्यांची बोटं पाण्यानं सुरकुतली होती. मंजिरी माझ्याकडे बघत होती, बाबा आता काय म्हणतात म्हणून, चेहऱ्यावर कौतुक. मला तेव्हाच सांगता आलं असतं. ताई, चूक माझी, मी त्या दिवशी सांगायला विसरलो, औषध धुऊन गेलं. एवढीच वाक्यं लागली असती. त्याऐवजी मी एक घडी उचलून नाकाशी नेली आणि म्हणालो, “छान झालंय.” मग मला चहा आणि चिवडा दिला आणि मी तो खाल्ला.

दुपारी दिलीपनं कॅम्पवर जेवायला बोलावलं होतं. मी नुसता भात चिवडत बसलो. त्यानं विचारलं तेव्हा मी त्याला सांगितलं. तो हात धुऊन आला आणि समोर बसला.

“मग परत बुडवू या साहेब. औषध राहिलंय ना?”

औषध राहिलं होतं. मी हिशेबापेक्षा जास्त आणवलं होतं. सगळ्यांना नाही तरी अर्ध्यावर जाळ्यांना पुरलं असतं, लहान मुलींच्या तरी झाल्या असत्या. जाळ्या नेणारं गलबत रविवारी सुटणार होतं.

“चाळीस माणसं आहेत,” दिलीप म्हणाला. “पिकअप मी आणतो. यल्ला, चला, संध्याकाळपर्यंत खलास.”

मी नको म्हणालो. तायांना वाईट वाटेल म्हणालो. एवढ्या इस्त्र्या, एवढ्या फिती, सगळं सोडायचं, आणि का सोडायचं ते सांगायचं. मंजिरीला त्यांच्यातच राहायचंय, असंही म्हणालो. दिलीपनं ते मान्य केलं आणि माझं ताट पुढे सरकवलं. त्याला वाटलं असेल, साहेबांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. खरी गोष्ट अशी की त्या भाषणाच्या गुरुवारी ज्या माणसांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासमोर ‘विसरलो’ म्हणायची मला लाज वाटली. तायांचं नाव मी उगाच पुढे केलं.

दुबईची खाडी

रविवारी सकाळी आम्ही गठ्ठे घेऊन खाडीवर गेलो. धक्क्याला लाकडी गलबतं तीन-तीन ओळींत लागलेली, काठावर फ्रिज, टायर, साबणाच्या पेट्या उघड्यावर पडलेल्या, राखण कुणाचीच नाही. दाभोळच्या खाडीत अशी गलबतं मी लहानपणी पाहिली होती, आता तिथे येत नाहीत. एरवी मी तिथे अर्धा दिवस काढला असता.

जुमा स्वच्छ पांढरा शर्ट घालून आला होता. त्यानं एका गठ्ठ्याची फीत सैल केली, वास घेतला आणि हसला. ईदसारखा वास आहे म्हणाला. सईचं कार्ड काढून वाचलं आणि परत जपून ठेवलं. मग चष्मा नाकावर चढवून, स्टोअरकीपर माल तपासतो तसं, त्यानं मला विचारलं, “बाबा, दवाई लगाया ना?”

“लगाया,” मी म्हणालो. “अपने हाथ से.”

तो विचारत होता ते आणि मी सांगत होतो ते एक नव्हतं, हे फक्त मलाच माहीत होतं. त्यानं पुन्हा माझे दोन्ही हात धरले. खलाशांनी गठ्ठे आत घेतले.

चिपळूण

घरी परतल्यावर पहिले काही महिने मी स्वतःची समजूत घातली. नुसती जाळीही काही कमी नाही, नीट खोचली तर डास आत येत नाही, हे खरंच आहे. नोकरीत असताना मी हे शेकडो लोकांना सांगितलंय. पण नऊ वर्षांची मुलगी झोपेत हातपाय पसरते आणि जाळीला टेकते, हेही मीच सांगितलंय, टाळ्या घेऊन.

जूनमध्ये मंजिरीच्या पत्रात शेवटी दोन ओळी होत्या. जुमा घाईनं गावी जाऊन आला, नीमाला ताप आला होता आणि तो डोक्यात गेला होता. पोरगी वाचली. कानानं मात्र फार कमी ऐकू येतं. मंजिरीनं पुढे लिहिलं होतं की जुमा म्हणतो, जाळ्या होत्या म्हणून निदान जीव तरी वाचला, आणि त्यानं बाबांना सलाम सांगितलाय. त्याच पाकिटातून लवंगांची एक पुडीही आली होती. त्याच्या बहिणीनं मुद्दाम माझ्यासाठी पाठवलेली.

तिला संध्याकाळी अंगणात डास चावला असेल. जाळी फाटली असेल. औषध असतं तरीही झालं असतं कदाचित. अशा शक्यता मी तीस वर्षं अहवालात लिहिल्या आहेत, त्या मला आयत्या सुचतात. लवंगांची पुडी फडताळात आहे. अजून मसाल्यात घातलेली नाही.

ऑगस्टमध्ये मी अखेर शाळेला पत्र लिहिलं. औषधाचं नाव, पाण्याचं प्रमाण, हातमोजे, सावली, सहा महिने धुवायची नाही, सगळं क्रमानं. पाठवलेल्या जाळ्या धुतल्या गेल्या होत्या, हेही लिहिलं. कुणी धुतल्या आणि मला कधी कळलं, ते लिहिलं नाही. मंजिरीलाही सांगितलं नाही, ती शालिनीताईंना सांगेल म्हणून.

जुमाच्या बहिणीचं उत्तर दिवाळीच्या सुमारास आलं. निळ्या शाईत, शाळेत शिकवणाऱ्या बाईचं गोल अक्षर. तिनं लिहिलं होतं की सरकारी दवाखान्यातून औषध मिळवलं आणि सगळ्या जाळ्या बुडवल्या. नीमानं बादली धरली. तिच्याशी आता मोठ्यानं बोलावं लागतं. तिला नवा वास आवडला नाही, आधीचा आवडायचा, जाळीत तोंड खुपसून ती झोपायची. आता सहा महिन्यांनी पुन्हा बुडवू. शेवटी एकच प्रश्न होता. जाळ्या धुतल्याचं तुम्हाला केव्हा कळलं?

उत्तर लिहायला मी तीनदा बसलो. पहिल्या पत्रात गलबताची घाई होती, दुसऱ्यात बायकांची मेहनत. दोन्हीतलं सगळं खरं होतं आणि दोन्ही फाडली. तिसरं पत्र लहान झालं. तुमच्या भावानं मला धक्क्यावर विचारलं होतं, त्याच्या दोन दिवस आधी मला कळलं होतं, आणि मी त्याला खोटं सांगितलं. ही प्रत जुमाला दाखवावी, असं खाली लिहिलं, आणि दुसरी प्रत मंजिरीला.

आज सकाळी दोन्ही पोस्टात टाकली. पेटीचं झाकण बंद झालं तेवढ्यात पोस्टमन आला. त्यानं विचारलं, काका, दुबईला का? मी हो म्हणालो. तो म्हणाला, आमच्या घरी या एकदा संध्याकाळी, पोरांना ती कॉफीची गोष्ट सांगा.